खिडकीतले दोन चंबू

"जे दिसलं ते लिही, कालिंदी. जे दिसायला हवं होतं, ते नको."

पहाटेच्या झोपेत अप्पांचा आवाज असा यायचा, जणू पलीकडच्या खोलीत बसून ते अजून आकडे लिहीत आहेत. अप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात त्यांचा जन्म गेला. आठ वर्षांच्या लेकीला एकदा सुट्टीत तिथं नेऊन त्यांनी उंच स्टुलावर बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि एवढंच सांगितलं होतं. पुढं लेक बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तिचे केस कानाशी पांढरे झाले, लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पण पहाटेची ती हाक काही थांबली नाही.

डोळे उघडले की आवाज विरायचा. मग गार पाण्यानं आंघोळ, सोवळ्यातली पूजा, एकशे आठ नामं, आणि पुरतं उजाडायच्या आत अंबाबाई. देवळात अकरा प्रदक्षिणा. वीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता. पण १९७६च्या त्या जून महिन्यात प्रदक्षिणा घालताना कालिंदीचं मन नामावर राहीना. पायांखाली गार फरशी, डोळ्यांपुढं कापराचा धूर, आणि त्या धुरात तिला काचेची भांडी तरंगताना दिसायची. पहिल्या प्रदक्षिणेला आम्ल आणि सोडा. दुसरीला मोरचुदाचे निळे स्फटिक, दोऱ्याला लटकून गुपचूप वाढणारे. तिसरीला आणि चौथीला क्षारांची परीक्षा. पाचवीला ज्योतीचे रंग: मिठाची पिवळी ज्योत, चुन्याची विटकरी, तांब्याची मोरपिशी. अकरावी संपेस्तोवर एका सहामाहीचे प्रयोग जुळून आलेले असायचे. गाभाऱ्यापुढं हात जोडताना ती मनात म्हणायची, "आई, चुकलं असेल तर पदरात घे. पण शाळेतल्या ह्या मुलीही तुझ्याच लेकी." मग घरी येऊन चहाच्या आधी ते सगळं वहीत उतरवायचं. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही होती ती, आणि पहिल्या पानावर कुंकवाचं बोट लावून तिनं लिहिलं होतं: अकरावी-बारावी, रसायनशास्त्र, प्रात्यक्षिकं.

अकरावी-बारावीची नवी पद्धत येऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. शाळेला विज्ञानाची तुकडी मंजूर झाली होती. नाहीतर दहावी झालेल्या मुलींना मुलांबरोबर कॉलेजात जावं लागायचं, आणि निम्म्या घरांतून त्याला होकार येत नसे. तुकडी मिळाली, पण प्रयोगशाळा कशी चालवायची ह्यावर संस्थेचे सचिव गणपतराव अडून बसले होते.

"बाई, तुम्ही करून दाखवा, पोरी बघतील," ते म्हणाले होते. "शिनेमा बघत्यात का न्हाईत? तसं. ॲसिड पोरींच्या हातात कशाला? उद्या कुणाच्या तोंडावर उडालं म्हंजे तिच्या लग्नाला स्थळं मलाच हुडकत फिरावं लागंल."

"उकळत्या तेलाची कढई देतोच की आपण त्यांच्या हातात," कालिंदी म्हणाली. तिचा आवाज मुळातच इतका हळू की वर्गात ती बोलायला लागली की पंखासुद्धा बंद करावा लागायचा.

गणपतराव हसले. "तुमचं ऐकायचं म्हंजे कान जवळ न्यावा लागतो, आणि नेला की तुम्ही चावता. बरं, ऱ्हावं द्या. आठ पोरी घ्या, पंधरा दिवस शिकवा. मग मी येऊन बघतो. हात बसला असंल तर सही करतो. न्हाईतर तुम्ही करणार, त्या बघणार."

चित्रकलेचा जुना हॉल रिकामा करून प्रयोगशाळा झाली. पुण्याहून पेंढ्यात गुंडाळलेली काचेची भांडी आली. शाळेच्या आवारातच मागच्या खोलीत राहणाऱ्या शिपाईणबाई धोंडुबाई ती खोकी उघडताना जागच्या हलेनात. खाली गोल नि वर निमुळत्या मानेची ती पात्रं त्यांनी दोन्ही हातांत नवजात पोरासारखी धरली होती.

"बाई, हे काचंचं चंबू मी न्हाई घासणार. माझ्या हातनं फुटलं तर?"

"नाही फुटायचे. देवाची उपकरणी घासतेस ना, तशी घास," कालिंदी म्हणाली. "तेवढ्याच मायेनं."

धोंडुबाईंना ते पटलं. त्यांना एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. त्या दिवसापासून शाळेत सगळेच त्या पात्रांना चंबू म्हणू लागले, मुलीही आणि कालिंदीही. प्रत्येक मुलीला दोन चंबू, बाईंना दोन. रोज सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकावं तर पांढऱ्या धुवट फडक्यावर चंबू ओळीनं उपडे मांडलेले असत, देवघरातल्या पंचपात्र्यांसारखे. आणि दोन चंबू पूर्वेच्या खिडकीत, वेगळे. पावसानं उघडीप दिली की त्या दोघांत ऊन शिरायचं आणि भिंतीवर पाण्यासारखं हलायचं. कालिंदी दारातच थबकून ते बघायची. दिवसभराचं काम सुरू व्हायच्या आधीचा तो एक क्षण तिला प्रसादासारखा वाटायचा.

खिडकीतले चंबू शालनचे होते. शालन कुरणे, सिद्धार्थनगरातली. तिचे वडील भाऊसो एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर. छप्पन साली, ऐन पंचविशीत, त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून घरात एकच गोष्ट धरून ठेवली, ती म्हणजे शाळा. प्रयोगांना ऊर्ध्वपातित पाणी लागतं, म्हणजे वाफ गार करून धरलेलं, ज्यात काहीच विरघळलेलं नाही असं पाणी, हे लेकीकडून कळल्यावर त्यांनी तांब्याची जुनी नळी वळवून, पत्र्याचा डबा जोडून एक यंत्रच करून दिलं आणि सायकलच्या कॅरियरला बांधून स्वतः आणलं. स्टोव्ह पेटवला की त्यातून टिपूस टिपूस पाणी काचेच्या बरणीत पडायचं. मुली त्याला अभिषेक म्हणायच्या.

शालन बोलायची कमी. एकदा कालिंदीनं सहज विचारलं होतं, "तुझेच चंबू खिडकीत का गं?"

"तिथं लवकर वाळत्यात, बाई," शालन म्हणाली होती.

कालिंदीला ते उत्तर आवडलं होतं. मुलगी डोक्यानं काम करते, असं तिनं वहीच्या समासात लिहूनही ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी गणपतराव आले. आठ मुली, आठ टेबलं. वहीतला पहिलाच प्रयोग कालिंदीनं ठेवला होता, कारण तो दिसायला साधा आणि करायला कठीण. उभ्या काचेच्या नळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी. नळीला खाली तोटी, अंगावर आकड्यांच्या रेघा. खालच्या चंबूत मोजून घेतलेलं दहा मिलिलिटर आम्ल आणि त्यात दर्शकाचे दोन थेंब. नळीतून सोडा थेंब थेंब खाली सोडायचा. चंबूत आम्ल आहे तोवर रंग येत नाही; आम्ल संपलं की पुढच्या एकाच थेंबानं सगळं गुलाबी होतं. त्या थेंबाला थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. कॉस्टिक सोडा उघड्यावर ओल ओढतो, म्हणून तोलून घेतला तरी त्याची खरी ताकद तोलून कळत नाही. ती ह्याच आकड्यातून काढायची. म्हणजे खरं उत्तर आधीपासून कुणाच्याच खिशात नव्हतं. कालिंदीनं स्वतः सकाळी प्रयोग करून बघितला होता. नऊ पूर्णांक दोन. दोन्ही वेळा.

हॉल शांत होता. आठ चंबू आठ मनगटांवर गोल गोल फिरत होते. रंग यायचा, विरायचा, पुन्हा यायचा, पहाट ठरत नसल्यासारखा. आणि मग एकेका चंबूत तो टिकला, फिकट, गुलबक्षीच्या देठाजवळ असतो तेवढाच. कालिंदीच्या मनात आलं, हे सगळं कुठंतरी आधी घडून गेलंय, आपण फक्त त्याच्या काठाशी उभ्या आहोत.

"नऊ पॉइंट दोन," पहिली म्हणाली.

"नऊ पॉइंट एक."

"मला पण दोन."

"तीन, बाई. आणि दुसऱ्यांदा दोन."

सात मुलींचे आकडे एकमेकांना लागून बसले. गणपतरावांनी चष्मा काढून पुसला. आठवी शालन.

"नऊ पॉइंट नऊ," ती म्हणाली. "दोनदा केला. दोन्ही डाव नऊ पॉइंट नऊ."

शेजारची पाटलांची मुलगी कुजबुजली, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. "अगं, दोन लिही की. कुणाला कळतंय?"

"मला नऊच दिसलं," शालन तिच्याकडं न बघता म्हणाली.

कालिंदीनं तिची नळी बघितली, तोटी बघितली, डोळ्यांची पातळी बघितली. चूक सापडली नाही. पण सात मुली एका बाजूला होत्या, आणि तिची स्वतःची सकाळही त्याच बाजूला होती. "शालन, तोटी उशिरा बंद होत असेल तुझी," ती म्हणाली. "हात बसायला वेळ लागतो."

शालननं मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

"आठातल्या सात," गणपतराव उठत म्हणाले. "माझ्या पोराच्या कॉलेजात एवढ्या येत न्हाईत. सही करतो, बाई. एकीचं चुकलं, चालायचंच."

मुलींनी एकमेकींचे हात दाबले. पंधरा दिवसांचं स्वप्न खरं झालं होतं, आणि कालिंदीला आनंद झाला होताच. पण तो आनंद दुधात मिठाचा खडा पडावा तसा तिच्या मनात बसेना.

बारा वाजता फाटकाशी भाऊसो सायकल धरून उभे होते. शनिवारची सुट्टी काढून ते लेकीला न्यायला आले होते. शालन मान खाली घालून कॅरियरजवळ जाऊन उभी राहिली, तेव्हाच त्यांनी ओळखलं.

"बाई, खरं सांगा," ते म्हणाले. "पोरीचा हात ह्यात बसंल का? मी डी.एड.चा फारम आणलाय. सोमवारी शेवटची तारीख हाय. दोन वर्सांत मास्तरीण हुईल, पायावर उभी ऱ्हाईल. ह्यात चार-पाच वर्सं जायाची, आणि मागनं कळायचं की हातच न्हाई, तर ती न हिकडची न तिकडची. तिची आई म्हणती फारम भर. मी तुमच्या शब्दावर थांबलोय."

कालिंदीनं शालनकडं पाहिलं. वडिलांसमोर खोटा दिलासा द्यावा असं त्या मुलीच्या चेहऱ्यावर कुठं नव्हतं.

"आज तिचा आकडा एकटीचा वेगळा आला," कालिंदी म्हणाली. "का आला ते मला माहीत नाही. मी उद्या सगळं पुन्हा करून बघते. तिची चूक असेल तर तिला सोमवारी सांगेन. माझी असेल तर तुम्ही फॉर्म भरायच्या आत मी स्वतः तुमच्या घरी येऊन सांगेन."

भाऊसो हसले, पण हसण्यात आडवं काहीतरी होतं. "तुम्ही? आमच्या घरला? बाई, आमच्या गल्लीत मास्तर लोक येत्यात, पर मतं मागायच्या वक्ताला, कुणा पुढाऱ्यासंगं."

"मी येईन," कालिंदी म्हणाली.

"बघू की," ते म्हणाले, आणि सायकल वळवली.

रविवारी प्रदक्षिणा घालताना तिला एकही प्रयोग सुचला नाही. अकराच्या अकरा प्रदक्षिणांत एकच आकडा पायांत घोटाळत राहिला. घरी येऊन तिनं चहा घेतला नाही. चाव्या घेतल्या आणि शाळेत गेली.

रविवारची शाळा वेगळीच असते. बाकं झोपेत असल्यासारखी. अंगणातल्या करंजावरून पाणी ठिबकत होतं आणि मधूनच लख्ख ऊन पडत होतं. हॉलमध्ये फडक्यावर चंबू मांडलेले, खिडकीत दोन. तिनं पदर खोचला, नळी भरली, फडक्यावरचा एक चंबू घेतला आणि प्रयोग केला. नऊ पूर्णांक दोन. दुसरा घेतला. नऊ पूर्णांक एक. मग शालनच्या टेबलापाशी जाऊन तिची नळी, तिची तोटी, आणि फडक्यावरचा तिसरा चंबू. पुन्हा नऊ पूर्णांक दोन. म्हणजे नळी आणि तोटी शालनची असून चूक आली नाही. मग चूक शालनच्या हाताचीच म्हणायची का?

ती थकून खिडकीशी आली. हात पुढं झाला तो केवळ जवळ होता म्हणून, आणि त्यानं खिडकीतला एक चंबू उचलला. त्यात तिनं आम्ल घेतलं, दर्शक घातला, थेंब सोडत गेली. नऊ झालं, नऊ पूर्णांक दोन झालं, तरी चंबू पाण्यासारखा स्वच्छ. पाच, सहा, सात. नऊ पूर्णांक नऊला गुलाबी आला आणि टिकला.

कालिंदी तोटीवरचं बोट न काढता तशीच उभी राहिली. हात तिचाच होता. नळी तीच. वेगळा होता तो फक्त चंबू.

तिनं फडक्यावरचा एक कोरडा चंबू उचलून उन्हात धरला. आत, काचेच्या पोटाला, एक अगदी पुसट धुकं होतं. रंकाळ्याच्या पाण्यावर थंडीत सकाळी असतं तसं, नजर स्थिर केली तर दिसणारं, हलवली तर नाही. मग खिडकीतला दुसरा धरला. त्यात धुकं नव्हतं. नुसतं ऊन.

भाऊसोंच्या यंत्रातलं पाणी तिनं दोन्ही चंबूंत थोडं थोडं ओतलं आणि हलवलं. त्यात आम्ल नाही, सोडा नाही, काही नाही. दोघांत दर्शकाचा एकेक थेंब टाकला. खिडकीतला चंबू तसाच राहिला. फडक्यावरचा हळूहळू उमलला, तळापासून वरपर्यंत, न बोलावता आलेल्या लाजेसारखा गुलाबी.

रिकाम्या चंबूत कुणीतरी आधीच सोड्यासारखं काहीतरी ठेवून गेलं होतं. त्यानं थोडं आम्ल आधीच खाल्लं, म्हणून नळीतून कमी लागलं. सातजणींना कमी लागलं. तिलाही कमी लागलं.

"धोंडुबाई," तिनं मागच्या दाराशी जाऊन हाक मारली.

धोंडुबाई हात पुसत आल्या. "रविवारचं बी, बाई?"

"हे चंबू तू कशानं धुतेस?"

"तुमी सांगितलासा तसं." त्यांना प्रश्नच कळेना. "देवाच्या उपकरण्यावानी. चुलीतली राख चाळून पाण्यात घालती, रातभर ठेवती. सकाळी वरचं निवळ पाणी घेऊन त्येच्यात बुडवून काढती. घासून चरा पडायला नको न्हवं काचंला. मग फडक्यावर पालथं. तांब्याचा गडू बी असा निघतो, तोंड दिसतंय त्यात."

राखेचं निवळ पाणी. चार पिढ्या ज्या पाण्यानं तेल आणि काजळी निघाली, ते पाणी. राखेतला खार त्यात उतरतो आणि सुकला की काचेला धरून बसतो. पाचवीतल्या मुलींना कालिंदीनं स्वतः हे शिकवलं होतं. आणि देवाच्या उपकरण्यांसारखं घास म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं फक्त चकाकी होती.

"आणि खिडकीतले?"

"ते त्या कुरण्यांच्या पोरीचे." धोंडुबाईंचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "ते मी कशी घेऊ, बाई? देवाच्या उपकरण्यावानी म्हनलासा, मग सोवळ्याचं पानी झालं की ते. त्येच्यात तिचं कसं मिसळू? पहिल्याच दिवशी तिला म्हनलं, पोरी, तुजं तू धू, आणि तिकडं खिडकीत ठेव. ती बी काय बोलली न्हाय. नळाखाली धुती, मग तिच्या बाच्या त्या यंत्रातल्या पान्यानं दोनदा खळबळती. गुणाची हाय."

बाहेर करंजावरून पाणी पडत राहिलं. कालिंदीनं खिडकीकडं पाहिलं. पंधरा दिवस रोज सकाळी ती ह्याच दारात उभी राहून ह्याच दोन चंबूंमधलं ऊन बघत होती. सुंदर दिसतं म्हणून. तिथं ते का आहेत, हे विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर तिनं घेतलं, कारण ते ऐकायला गोड होतं. आणि काल, सगळ्यांसमोर, त्याच मुलीला ती म्हणाली होती की तुझा हात बसलेला नाही.

"मी काय वंगाळ केलं, बाई?" धोंडुबाईंनी विचारलं. चेहऱ्यावर खरंच भीती होती.

"तू मी सांगितलं ते केलंस," कालिंदी म्हणाली. "मी जे सांगितलं त्यात चूक होती. तू ते पाणी वेगळं ठेवलंस, ते मीच सोवळं केलेलं होतं. ही देवाची भांडी नाहीत, धोंडुबाई. ही कामाची आहेत. इथं सोवळं नको आणि ओवळंही नको. ह्यापुढं राख नाही. सगळे चंबू एका घंगाळात, एका पाण्यात."

"तिचं बी?"

"तिचेही. तिचं धुण्याचं पाणी बरोबर निघालं. आपलं नाही."

धोंडुबाईंना पटलं असं म्हणवणार नाही. त्यांच्या कपाळावरची आठी तशीच होती. पण घंगाळ मात्र त्या घेऊन आल्या. कालिंदीनं बाह्या वर सारल्या, फडक्यावरचे सोळाही चंबू पाण्यात सोडले, मग खिडकीतले दोन त्यांच्यात सोडले, आणि एकेक धुऊ लागली. सगळे अठरा एकदा पाण्याखाली गेल्यावर कुणाचा कुठला ते कळेनासं झालं. मग भाऊसोंच्या यंत्रातल्या पाण्यानं दोनदा. धोंडुबाई थोडा वेळ कोपऱ्यात उभ्या राहिल्या, आणि मग न सांगता धुतलेले चंबू घेऊन ओळीनं उपडे घालू लागल्या. एकदा एका चंबूवर त्यांचा हात जरा घोटाळला. पण त्यांनी तो उचलला.

वाळल्यावर तिनं एकामागून एक पाच चंबू घेतले. नऊ पूर्णांक नऊ. नऊ पूर्णांक नऊ. नऊ पूर्णांक आठ. नऊ पूर्णांक नऊ. नऊ पूर्णांक नऊ.

वही उघडून तिनं पहिल्या प्रयोगावर आडवी रेघ मारली. शनिवारच्या तक्त्यात आपल्या नावापुढं आणि सात मुलींच्या नावांपुढं तिनं लिहिलं: चुकीचं, पात्रांत राखेचा खार, चूक शिक्षिकेची. शालनच्या नावापुढं: बरोबर. ह्या पानावर गणपतरावांनी सही केली होती. त्यांनाही उद्या हे पान दाखवावं लागणार होतं, आणि ते काय म्हणतील ते म्हणतील. चूक कुठून आली हे सांगितलं की हात मुलींचे नव्हे, राखेचं पाणी आडवं आलं, एवढं तरी त्यांना समजेल. मग नव्या पानावर तिनं नवा पहिला प्रयोग लिहिला. पात्रं धुणे. धुतलेल्या रिकाम्या पात्रात पाणी व दर्शक घालून रंग येतो का ते पाहणे. खाली एक नियम: कुणीही स्वतः धुतलेलं पात्र स्वतः वापरायचं नाही, शेजारणीनं धुतलेलं घ्यायचं. नियम वाचून ती क्षणभर थांबली. मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: आणि बाईंनी धुतलेलं तपासून घ्यायचं.

तीन वाजून गेले होते. पोटात सकाळपासून काही नव्हतं, पण भूक लागल्याचं तिच्या लक्षातही नव्हतं. तिनं वही पिशवीत घातली, छत्री घेतली, हॉलला कुलूप लावलं.

धोंडुबाई पायरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. "घरला निघालासा?"

"सिद्धार्थनगरला. कुरण्यांकडं."

शेंगेवरचा हात थांबला. "उद्या पोरगी येणारच हाय की. उद्या सांगा."

"उद्या फॉर्म भरून होईल."

"मग कुणाच्या हाती चिठ्ठी धाडा. तुमी कशाला त्या गल्लीत? लोक बघतील."

"मी स्वतः येते म्हणाले होते," कालिंदी म्हणाली.

धोंडुबाईंनी तिच्याकडं वर पाहिलं, मग शेंगांकडं. "बिंदू चौकातनं न्हाय जायाचं," त्या म्हणाल्या. "लांब पडतंय. सोन्या मारुतीवरनं जावा. तिथं कुणालाबी फिटर भाऊसो म्हनून इचारा, दावतील."

कालिंदीनं मान हलवली. फाटकाची कडी हळूच काढली, आवाज होऊ दिला नाही, आणि छत्री मिटलेलीच हातात धरून ती सोन्या मारुतीच्या वाटेला लागली.